बारीक मासोळी वाळवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा जिल्ह्यात एका तळ्याच्या पाळीखाली मी वाढले. घरात पिढ्यान्‌पिढ्या ढिवरकाम. जाळे टाकायचे ते पुरुषांनी, वाळवायचे ते बायांनी. गेली काही वर्षे बचत गटाच्या बायांना मी हे काम शिकवते, आणि त्यामुळे फोनवर तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढची बरीच उत्तरे तिच्यावर उभी आहेत. ऊन कमी पडले म्हणून सुकट बिघडली असे फार क्वचित होते. ती एक तर तळ्यापासून वाळवायच्या मचाणापर्यंतच्या दोन-तीन तासांतच बिघडलेली असते, नाहीतर आत ओल घेऊन डब्यात गेलेली असते.

१. सुकट, सुक्सी, सुकी मासोळी आणि बाजारातले बोंबील, हे सगळे एकच का?

नाही. बोंबील समुद्राचे. ते मुंबई-कोकणातून आपल्या आठवडी बाजारात येतात. कोकणात सुकट म्हटले की बहुधा वाळलेला जवळा समजतात. आपल्याकडे सुकट म्हणजे तळ्यातली, बोडीतली (बोडी म्हणजे लहान तळे), नदीतली बारीक मासोळी वाळवलेली. छत्तीसगडच्या सीमेकडे तिलाच सुक्सी म्हणतात. फरक नुसत्या नावाचा नाही. समुद्राच्या मासोळीच्या अंगाला खारे पाणी आयतेच लागलेले असते, आपल्या मासोळीला ते नसते. त्यामुळे समुद्राकाठची पद्धत जशीच्या तशी इथे लावली की अंदाज चुकतो.

२. कोणती मासोळी वाळवायला चांगली?

बोटभर लांबीपर्यंतची. नावे दर दहा कोसांवर बदलतात, म्हणून नावापेक्षा अंगकाठी पाहावी. चपटी, चमकदार खवल्यांची मासोळी उत्तम वाळते. काचेसारखी आरपार दिसणारी तर एका-दीड दिवसात खडखडीत होते. मिशांची, काटेवाली टेंगरा चालते, पण तिच्या दोन्ही बाजूंचे आणि पाठीवरचे काटे आधी मोडून घ्या, नाहीतर खाणाऱ्याच्या तोंडात जातात. झिंगे उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे टाकून मग वाळवले तर रंग लालसर येतो, टरफल सुटते आणि टिकतातही जास्त. कच्चेही वाळवता येतात, मग मात्र पहिल्या दिवशी लक्ष जास्त ठेवावे लागते.

मरळ, वाम, मोठा रोहू यांना हे पान लागू नाही. जाड मासा पाठीतून चिरून, मीठ भरून वाळवावा लागतो, आणि त्याचे गणित वेगळे आहे.

३. कोणत्या महिन्यात वाळवावी?

दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. हवा कोरडी, ऊन बेताचे, वारा वाहता. कार्तिक-मार्गशीर्षात धानाच्या बांध्यांतले पाणी उतरते आणि बांधीतली मासोळी हाती येते. नंतर चैत्र-वैशाखात तळी आटू लागतात तेव्हा दुसरा मोठा हंगाम.

आपल्या पूर्व विदर्भाला हा दुसरा हंगाम मिळतो तो जुन्या मालगुजारी तळ्यांमुळे (मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार). गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी ही तळी बांधली. १९५१ साली मालगुजारी गेली, तळी सरकारकडे गेली, पण पाण्याची चाल तीच राहिली: पावसात भरायचे, धानाला द्यायचे, उन्हाळ्यात तळाशी यायचे. तळ उघडा पडू लागला की एका दिवसात घरी खाऊन संपणार नाही एवढी बारीक मासोळी निघते. वाळवण ही गोष्ट आली ती त्यातूनच.

आषाढ-श्रावणात वाळवायच्या भानगडीत पडू नका. तेव्हा हाती आलीच तर धूर द्या (प्रश्न १२).

४. तळ्यावरून घरी आणल्यावर सगळ्यात आधी काय करायचे?

काम घरी आणल्यावर सुरू होत नाही, तळ्यावरच सुरू होते. मासोळी मेली त्या क्षणापासून सडायला लागते. एप्रिल-मे महिन्यात उघड्या पाटीत ठेवलेली मासोळी तीन-चार तासांत नरम पडते. पोट फुटते, कल्ले तपकिरी होतात, आणि वास येतो. ती नंतर कितीही छान वाळवा, वास जात नाही आणि चव कडवट येते.

म्हणून जाळे पहाटे काढा. तळ्यावरच चिखल, शेवाळ, शिंपले, गवत वेगळे करा. पाटीत एक हात जाडीपेक्षा जास्त मासोळी भरू नका, खालची चिरडते. बर्फ मिळत असेल तर फारच चांगले. नसेल तर गोणपाट भिजवून पाटीवर टाका आणि पाटी सावलीत, वाऱ्याला ठेवा. आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की ओले गोणपाट खरोखर गार राहते. माठातले पाणी थंड होते त्याच कारणाने. घरी येईपर्यंत गोणपाटावर एक-दोनदा पाणी शिंपडा.

घरी आल्यावर विहिरीच्या किंवा हँडपंपाच्या स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवा. तळ्याचे पाणी नको, त्यात गुरे बसतात. धुतलेले पाणी तिसऱ्या वेळेला जवळजवळ नितळ दिसले पाहिजे. मग बांबूच्या टोपलीत अर्धा तास निथळत ठेवा. निथळल्याशिवाय पसरलेली मासोळी एकमेकींना चिकटते, आणि चिकटलेल्या जागी आत ओल राहते.

५. एवढ्या बारीक मासोळीचे पोट काढायचे का?

दोन पेरांपेक्षा लहान असेल तर नको. त्याहून मोठी असेल तर अंगठ्याने पोटाखाली दाबून घाण बाहेर काढा. पाटीभर मासोळीला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. पण पोटातली घाण राहिली की सुकट कडू लागते आणि आधी पोटाशीच सडते. चिखलात तोंड घालणारी मासोळी जिवंत हाती आली तर चार-पाच तास स्वच्छ पाण्याच्या टाक्यात सोडून द्या. ती स्वतःच पोट रिकामे करते आणि मातकट वासही कमी होतो.

६. मीठ लावायचे का? किती?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

अगदी बारीक मासोळी, कोरडी हवा, आणि घरी दोन-तीन महिन्यांत खायची असेल तर मीठ नको. बिनमिठाची सुकट हलकी, कुरकुरीत होते आणि लेकरांना, म्हाताऱ्यांना बिनधास्त देता येते (प्रश्न १९).

मासोळी बोटापेक्षा जाड असेल, ढगाळ हवा असेल किंवा माश्या फार असतील तर मिठाचे पाणी करा. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम मीठ. त्यात मासोळी वीस ते तीस मिनिटे बुडवा, काढा, निथळू द्या. मीठ अंगातले पाणी ओढून काढते, सडवणाऱ्या जंतूंना आवर घालते, आणि माशीही अशा मासोळीवर अंडी घालायला कचरते. तेच खारे पाणी दुसऱ्या खेपेला वापरू नका. त्यात रक्त आणि घाण उतरलेली असते.

आता मिठाची दुसरी बाजू. हवेत दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. आपल्या पावसाळ्यात मिठाच्या डब्याला पाझर फुटतो, तो यामुळेच. खारवलेली सुकट पावसाळ्यात उघडी राहिली तर बिनमिठाच्या सुकटीपेक्षा लवकर ओली होते. म्हणून मीठ लावले की डबा घट्ट हवा. मिठावर विसंबून वाळवण कमी करू नका.

७. आमच्या घरी सारवलेल्या आंगणातच पसरतात. त्यात काय बिघडते?

माझी आजीही तशीच पसरायची, त्यामुळे हे उत्तर लिहिताना मला जड जाते. तरी लिहिते. जमिनीवर पसरलेल्या मासोळीला वारा फक्त वरून लागतो. खालची बाजू जमिनीची ओल घेते. शेणाचे कण, रेती, कोंबड्यांची विष्ठा चिकटते. खाताना दाताखाली कचकच येते ती याच रेतीची. डांबरी रस्त्यावर तर मुळीच नको. तिथे डांबर आणि गाड्यांचा धूरही लागतो.

मचाण बांधणे अवघड नाही. बांबूचे चार खुंट, कमरेएवढी उंची, वर बांबूच्या चिपांचा तट्टा, त्यावर नायलॉनची बारीक जाळी. तट्टा एका बाजूला थोडा उतरता ठेवा, निथळलेले पाणी वाहून जाते. खुंटाच्या बुडाला राख पसरली की मुंग्या चढत नाहीत. मचाण मोकळ्या जागी, वाऱ्याच्या तोंडी हवे. पाठीमागे भिंत नको, गोठा तर जवळपासही नको. वरून मच्छरदाणी अशी ताणा की ती मासोळीला टेकणार नाही. टेकली तर माशी जाळीतूनच अंडी घालते.

एकेरी थर पसरा. मासोळीवर मासोळी नको. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी हाताने उलटा, दुसऱ्या दिवशी दोन-तीनदा पुरते. वाळवण्यात वाऱ्याचे काम उन्हापेक्षा मोठे आहे. ऊन पाणी बाहेर आणते, पण ते उडवून नेतो वारा. ज्या बाईने मचाण उंच केले, तिचा एक दिवस वाचतो. हे मी कितीतरी घरांत पाहिले आहे.

८. पुरती वाळली हे कसे ओळखायचे? दोन दिवस म्हणतात, तेवढे पुरे का?

दिवस मोजू नका. पौषात तीन दिवस लागतील, चैत्रात दीड. तीन खुणा पाहा.

पहिली खूण वजनाची. ताज्या मासोळीत चार भागांतले तीन भाग पाणीच असते, बहुधा थोडे जास्तच. बिनमिठाची ४ किलो मासोळी नीट वाळली की साधारण १ किलो भरते. ४ किलोची दीड किलो भरली तर आत अजून खूप पाणी आहे, बाहेरून कितीही कडक दिसो. मीठ लावले असेल तर मिठाचे वजन आत असते, तेव्हा हा हिशेब थोडा ढिला धरा. त्यापेक्षा दोन दिवस संध्याकाळी लागोपाठ वजन करा. घटणे थांबले की झाले.

दुसरी खूण हाताची. ढिगातली सगळ्यात जाड मासोळी उचला आणि पाठीच्या मधोमध वाकवा. ती कटकन मोडली पाहिजे. चामड्यासारखी वाकली तर नाही झाली. मोडलेल्या जागी नखाने दाबा. खूण उमटली तर ओल आहे.

तिसरी खूण रात्रीची, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर. वाळली असे वाटले की संध्याकाळी सगळी सुकट टोपलीत ढीग करून कापडाने झाका. आतली ओल रात्रभरात बाहेरच्या अंगाला येते. सकाळी हात घातल्यावर काल कडक असलेली मासोळी नरम लागली तर अजून एक दिवस ऊन द्या. तशीच खडखडीत राहिली तर डब्यात भरायला हरकत नाही. माझी माय टोपली कानाशी नेऊन हलवायची. वाळलेली सुकट सुक्या पानांसारखी वाजते.

पाण्याचे प्रमाण १५ टक्क्यांच्या खाली गेले की बुरशीलाही वाढणे जड जाते. वरच्या तिन्ही खुणा त्याच टप्प्याला आपल्याला नेतात.

९. मे महिन्यात एका दिवसात कडक झाली, पण आठ दिवसांनी आतून वास आला. असे काहून झाले?

ऊन फार तेज होते म्हणून. ब्रम्हपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. तशा उन्हात ओली मासोळी ठेवली की बाहेरचे अंग भराभर आकसते, कडक कवच तयार होते, आणि आतले पाणी कोंडते. कधी कधी मासोळी उन्हात शिजल्यासारखी होऊन हातात भुगाही होते.

मे महिन्यात पहाटे पसरा. साडेअकरा-बारापासून चारपर्यंत मचाणावर हिरवी जाळी किंवा जुने लुगडे उंच बांधून सावली करा, वारा मात्र चालू राहू द्या. चारनंतर पुन्हा उघडी. हे पहिल्या दिवशीच करायचे. दुसऱ्या दिवशी मासोळी अर्धी वाळलेली असते, तेव्हा कडक उन्हाने नुकसान होत नाही. रात्री ढीग घालून ओल बाहेर काढण्याची युक्ती (प्रश्न ८ मधली तिसरी खूण) उन्हाळ्यात तर चुकवूच नका.

१०. वाळता वाळताच अळ्या पडतात. उपाय काय?

ही हिरव्या-निळ्या चमकत्या माशीची अंडी. ती पहिल्या दिवशी, मासोळी ओली असतानाच घातली जातात, आणि दिवसभरात अळ्या निघतात. भर उन्हात ही माशी कमी येते. सकाळी, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी जास्त. म्हणून ओली मासोळी संध्याकाळी पसरायला घेऊ नका. उशीर झाला तर मिठाच्या पाण्यात घालून रात्री झाकून, शक्य तर बर्फावर ठेवा. धुण्याची जागा मचाणापासून दूर हवी, कारण माशी आधी तिथल्या खवल्यांवर आणि आतड्यांवर येते. ती घाण रोजच्या रोज खड्ड्यात पुरा. परसात वांगी-मिरची असेल तर तिथेच पुरा, झाडे जोमाने येतात.

अळ्या पडलेली मासोळी धुऊन पुन्हा वाळवू नका. आतून पोखरलेली असते.

११. पसरलेली असताना अवकाळी पाऊस आला तर?

फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे हे होतेच, कधी गारांसह. एका वर्षी मी घाईघाईने मचाणावरच ताडपत्री ओढली आणि दगड ठेवून शेताकडे गेले. पाऊस अर्ध्या तासात थांबला, पण मला शेतातून यायला संध्याकाळ झाली. ताडपत्रीखाली मासोळी वाफेत शिजल्यासारखी झाली होती, बोटाला चिकट तार येत होती. वीस किलो मासोळी खड्ड्यात गेली. त्या दिवशी माझ्याबरोबर दोन घरांच्या बायांची मेहनत होती.

तेव्हापासून जाळीच्या चौकटी सुट्या करून घेतल्या. ढग दिसले की दोघींनी चौकट उचलायची आणि पडवीत एकावर एक, मधे विटा ठेवून रचायची. हवा खेळती राहते. टेबल पंखा असेल तर लावा. पहिल्याच दिवशी भिजली आणि चिकट झाली नसेल तर मिठाच्या पाण्यातून काढून (प्रश्न ६) त्याच दिवशी धूर द्या. चिकट झाली, वास बदलला तर सोडून द्या. माया करू नका.

१२. चुलीवर धूर देऊन वाळवलेली चालते का?

चालते, आणि गडचिरोलीकडे ती जुनी रीत आहे. चुलीवर छातीएवढ्या उंचीला बांबूचा तट्टा टांगायचा, खाली विस्तव मंद ठेवायचा. ज्वाळा मासोळीपर्यंत पोचली की ती भाजते, वाळत नाही. साधे, वाळलेले, कठीण लाकूड घ्या. रंग दिलेल्या फळ्या, जुने प्लायवूड, प्लास्टिक, टायर, रॉकेल यांतले काही जाळू नका, त्यांचे विष सरळ मासोळीवर बसते. काळीकुट्ट होईस्तोवर धूर देण्यात फायदा नाही. सोनेरी-तपकिरी रंग आला की पुरे. पुढे ऊन निघेल तेव्हा एक दिवस मचाणावर द्यावी.

१३. सोलर ड्रायर घ्यावा का?

गट मोठा असेल, रोजची मासोळी पंधरा-वीस किलोंच्या वर असेल आणि पॅकिंग करून विकायची असेल तर जरूर. धूळ, माशी, पाऊस, कुत्री, सगळ्यांतून सुटका होते. घरापुरते करणाऱ्यांना उंच मचाण पुरते. ड्रायरमध्ये एक काळजी: आपल्या उन्हाळ्यात आतली हवा सहज ६० अंशांच्या वर जाते आणि प्रश्न ९ मधला प्रकार तिथेही होतो. आत थर्मामीटर टांगा. पहिल्या दिवशी ४५ ते ५० अंशांच्या आत ठेवा, वरची खिडकी उघडून उष्णता सोडा.

१४. पावसाळाभर टिकवायची तर कशात ठेवायची?

घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा जाड बरणी. भरण्याआधी सुकट सावलीत थंड होऊ द्या. गरम भरली तर झाकणाला पाण्याचे थेंब धरतात. दाबून, हवा कमी ठेवून भरा. रोजच्या वापराचा डबा वेगळा काढा, मोठा डबा पुन्हा पुन्हा उघडू नका. आजीच्या काळी चुलीवरच्या शिंकाळ्यात टोपली असायची. रोजचा धूर आणि ऊब लागून ती कोरडी राहायची. आता घरात गॅस आला, ती जागा गेली, तेव्हा डब्याशिवाय गत्यंतर नाही.

मृग लागण्याआधी, मेच्या शेवटी, सगळी सुकट एकदा काढून दिवसभर ऊन द्या आणि संध्याकाळी थंड करून भरा. श्रावणात उघडीप मिळाली तर आणखी एकदा. कडुनिंबाचा सुकवलेला पाला तळाशी घालतात, त्याने कीड थोडी दूर राहते, पण ओल्या सुकटीला पाला वाचवत नाही.

१५. डब्यात तपकिरी केसाळ किडे झाले. पावडर किंवा औषध मारू का?

कधीही नाही. धान्यात घालायच्या गोळ्या असोत, घरात मारायचा स्प्रे असो की शेतातले औषध, सुकटीला काहीही लागता कामा नये. बाजारात एका व्यापाऱ्याच्या पोत्यावर मी स्वतः फवारा मारताना पाहिला आणि त्या दिवसापासून तिथून घेणे बंद केले. सुकट आपण सोलत नाही, सगळी पोटात जाते.

हे किडे वाळलेल्या मासोळीवर जगतात. थोडे असतील तर सुपाने पाखडून, पत्र्यावर पातळ पसरून मेच्या भर उन्हात चार-पाच तास ठेवा. पत्रा इतका तापतो की किडे आणि अळ्या मरतात किंवा पळतात. फ्रीझर असेल तर पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस आत ठेवा. डबा उकळत्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच पुन्हा भरा. अर्धी सुकट भुसा झाली असेल तर टाका.

१६. रंग बदलला, पांढरे दिसते, लालसर दिसते. कोणती खावी, कोणती टाकावी?

पांढरे, कोरडे, खडीसारखे कण बोटाला खारट लागले तर ते मीठ. खा. पांढरी, हिरवट किंवा काळी लव दिसली तर ती बुरशी. पुसून, उन्हात टाकून ती जात नाही, विष आत उतरलेले असू शकते. टाका. खारवलेल्या सुकटीवर गुलाबी-लाल चिकट डाग आले तर ती मिठातच वाढणाऱ्या जंतूंची करणी. तीही टाका. नुसती पिवळी-तपकिरी झाली आणि जुन्या तेलासारखा खवट वास आला तर मासोळीतली चरबी हवेने बिघडली आहे. ती चवीला वाईट आणि पोटाला जड. कोंबड्यांनाही बुरशीची सुकट घालू नका.

१७. उन्हाळ्यात तळ्यात मरून तरंगणारी मासोळी फुकट मिळते. ती वाळवली तर?

नको. पाणी कमी झाले की पहाटे पाण्यातला प्राणवायू संपून मासोळी मरते, हे खरे. पण ती किती तासांपूर्वी मेली आणि कशाने मेली, हे काठावरून कळत नाही. शेतातली औषधे पहिल्या पावसाबरोबर तळ्यात उतरतात. काही ठिकाणी लोक मुद्दाम ब्लीचिंग किंवा कीटकनाशक टाकून मासोळी मारतात. वाळवण्याने किंवा शिजवण्याने औषधाचे विष जाईल असे समजू नका. उलट पाणी गेल्यावर तेवढ्याच वजनात विष जास्त भरते. बाजारात कोणी भलतीच स्वस्त ताजी मासोळी पोत्याने देत असेल, तर कोणत्या तळ्याची आणि कशी धरली, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

१८. जाळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली येतात. तीही याच ढिगात वाळवावी का?

नाही. सहकारी संस्थेने सोडलेले बीज ते. आज चिमूटभर वजनाचे पिल्लू वर्षभरात किलोच्या घरात जाते. पाण्यातच चाळून परत सोडा. मच्छरदाणीने मासोळी धरणाऱ्यांना माझी विनंती आहे की मच्छरदाणी वापरणे थांबवा. तिच्यात बोटुकली, अंड्यावरची मासोळी, बेडूकपिल्ले सगळे येते आणि पुढच्या वर्षी वाळवायलाही काही उरत नाही. तळ्यात कमळ, शिंगाडा, देवधान, चिल्याचे गवत होते तिथे गावची बारीक मासोळी अंडी घालते. तेवढा काठ तरी मोकळा सोडावा.

१९. गरोदर बाई, लहान लेकरू, बीपीचा माणूस, यांना सुकट चालते का?

बारीक मासोळी आपण डोक्या-काट्यासकट खातो, म्हणून तिच्यातून कॅल्शियम, लोह आणि भरपूर प्रथिने मिळतात. मोला नावाची बारीक मासोळी अ जीवनसत्त्वासाठी नावाजलेली आहे, मात्र ते उन्हाने बरेच कमी होते. तेवढ्यासाठी ती ताजीच खावी किंवा सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झालेल्या लेकराला बिनमिठाची सुकट खमंग भाजून, मिक्सरमधून अगदी बारीक पूड करून, चाळून, मऊ भातात चिमूटभर मिसळता येते. पहिल्यांदा थोडीच द्या आणि अंगावर पित्त किंवा सूज येते का ते पाहा.

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खारवलेल्या सुकटीच्या एका वाटीतच त्यातला मोठा भाग जाऊ शकतो. बीपी, किडनीचा आजार असणाऱ्यांनी बिनमिठाचीच घ्यावी आणि आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी.

२०. आम्हाला गटाने विकायची आहे. कशी सुरुवात करू?

आधी आपल्याच आठवडी बाजारात. वाट्याने विकण्यापेक्षा वजनाने विका, कारण वाट्यात ओली सुकट भरणाऱ्याचा फायदा होतो आणि नीट वाळवणारीचे नुकसान. भाव काढताना ४ किलोला १ किलो हे प्रमाण समोर ठेवा, मग मीठ, जाळी, पिशवी आणि स्वतःची मजुरी धरा. स्वतःची मजुरी बाया नेहमी विसरतात. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली छोट्या विक्रेत्यांनाही नोंदणी लागते. पाकिटावर वाळवल्याची तारीख आणि मीठ आहे की नाही, हे लिहा. झिंगे, बारीक मासोळी, टेंगरा वेगवेगळे ठेवा. मिसळ केली की सगळ्यालाच खालचा भाव मिळतो.

२१. करताना रेती येते, वास फार येतो. शिजवण्याआधी काय करावे?

सुकट कोरड्या तव्यावर मंद आंचेवर परता. खमंग वास आला की सुपात घेऊन हाताने चोळा, डोकी-शेपट्या मोडतात, खवले आणि रेती सुटते. पाखडा. मग कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवा, हलक्या हाताने वर उचलून घ्या आणि तळाशी बसलेली रेती पाण्याबरोबर ओता. खारवलेली असेल तर पाणी दोनदा बदला आणि भाजीत मीठ शेवटी, चव घेऊन घाला.

वांग्यात घालायची तर वांगी अर्धी शिजल्यावर घाला, आधी घातली तर विरघळते. आंबाडीच्या भाजीत झिंगे घालताना उलटे करा: तेलात लसूण, सुकी मिरची आणि झिंगे आधी परतून घ्या, मग उकडून पिळलेली आंबाडी. आंबटपणाने वास बसतो आणि झिंग्यांचा गोडवा वर येतो. सोबत गरम भात.